जुन्या चर्चच्या दहा खिडक्या

तारीख जमिनीपासून तीन फूट सात इंचांवर होती. ओल्या गिलाव्यात थापीच्या टोकाने कोरलेली, बोटभर लांब: ९-२-७०. शामकांत तिला पाठ टेकून उभा होता.

"तितंच हुबं ऱ्हावा, शामराव," नगराध्यक्ष आसारामनाना सकाळी दाराशीच म्हणाले होते. "कमिशनर काय मुक्कामाला न्हाई आला. धा मिंटं नाक दाबायचं."

जुन्या चर्चमध्ये खारवलेल्या कातड्यांच्या छातीइतक्या थप्प्या लागल्या होत्या. यंदाच्या दुष्काळात आसपासच्या गावांत मेलेली जनावरं. थप्प्यांतून तपकिरी पाणी झिरपत होतं आणि त्यात माश्या रुतून पडल्या होत्या. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडात जाडं मीठ भरलेलं, त्यात नानांच्या मेव्हण्याचं, राधाकृष्णाचं फावडं. निकाल लागेपर्यंत कुलूप नगरपालिकेचं राहील, असं कोर्टाने म्हटलं होतं. किल्ली मेव्हण्याच्या करदोट्याला जाईल, हे कोर्टाला कुठून कळणार?

नव्या पेठेत दुसरं चर्च झालं आणि ही इमारत रिकामी पडली. मिशनच्या ट्रस्टने इथे प्रसूतिगृह करायची परवानगी मागितली. बाजाराच्या तोंडावरची ही जागा नानांना हवी होती. शामकांत नगरपालिकेचा आरेखक. त्याच्या मोजणीवरून परवानगी नाकारली गेली: उजेड-वारा अपुरा, खिडक्या दोनच. ट्रस्ट नगरच्या कोर्टात गेला. तीन वर्षं नुसत्या तारखा पडल्या. आज कोर्टाने कमिशनर म्हणून नेमलेले सुमंत वकील पाहणीला आले होते, नाकाला रुमाल लावून.

"नकाशा तुमचा का हो?" त्यांनी शामकांतला विचारलं. "अक्षर सुंदर आहे."

सव्वीस वर्षं सगळे हेच म्हणत आले होते. अर्ध्या इंचाच्या चुकीसाठी त्याने गटाराचा चर पुन्हा खणायला लावला होता. 'पूर्वापार भिंत' हे शब्दही त्याने तितक्याच सुबकपणे काढले होते. वकिलांच्या हातातल्या त्या अक्षरांची त्याला शिसारी आली.

मिशनच्या सरोजिनीबाई नर्स आत आल्या. त्यांनी पदर नाकाला लावला नाही.

"नाक झाकून उजेड मोजता येतो का, वकीलसाहेब? दहा खिडक्या होत्या. पाच इकडे, पाच तिकडे. माझं लग्न इथेच लागलंय."

"लग्नात बाया नवऱ्याकडं बघत्यात," नाना म्हणाले. "खिडक्या कोन मोजतं?"

राधाकृष्ण फिसकन हसला.

"माझ्या ओसरीवर चार बाळंतिणी आहेत, नाना. गोणपाटाच्या आडोशाला. त्यातली एक तुमच्या चुलतभावाची सून."

"मग आना की तिला हितं. दार उघडंच हाय."



"बाई, आठवण म्हणजे पुरावा नव्हे," सुमंत वकील कंटाळून म्हणाले. "आतून-बाहेरून गिलावा सारखा दिसतो. भिंत पूर्वापार, असं लिहितो."

गिलावा सारखा दिसणारच. गोरक्षनाथ गवंडी तालुक्यात नावाजलेला. मोजणीच्या चार दिवस आधी, नानांच्या सांगण्यावरून, शामकांतनेच त्याच्याकडून आठ खिडक्या बुजवून घेतल्या होत्या. शेवटचा हात फिरवून गोरक्षनाथने सवयीने तारीख कोरली.

"हे कशाला रे?"

"आमच्या बाची रीत हाय, सायेब. तारखेबिगर काम म्हंजी बेवारशी."

पुसायला सांगेपर्यंत तो थापी धुऊन मोकळा झाला होता. पुढे तिथे थप्प्या लागल्या, तारीख झाकली गेली. कोणी विचारलं तर खरं सांगायचं, असं शामकांतने त्याच संध्याकाळी ठरवलं होतं. तीन वर्षांत कोणी विचारलं नाही, आणि ही सोय त्याला छान पचली होती. आज पाहणीसाठी हमालांनी भिंतीकडच्या थप्प्या ओढल्या, तेव्हा ते आकडे मिठाने पांढरे होऊन बाहेर आले.

"आरेखक, इथे सही करा."

शामकांत हलला नाही.

"कागद तिकडंच न्या, वकीलसाहेब," नाना घाईने म्हणाले. "गुडघं धरल्यात त्येंचं."

सुमंत वकील कातड्यांचं पाणी चुकवत, धोतराचा सोगा उचलून जवळ आले. त्यांनी पेनचं टोपण काढून दिलं. शामकांतने पेन हातात घेतलं. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. तारखेची ती खरखर कापडातूनही लागत होती. समोर सरोजिनीबाई उभ्या होत्या. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. उजेड येणाऱ्या दोन खिडक्यांकडे बघत होत्या.

त्याने टोपण लावून पेन परत दिलं आणि दोन पावलं बाजूला सरला.

"आठ खिडक्या मी बुजवून घेतल्या," तो म्हणाला. "ती तारीख वाचा, साहेब. माझी मोजणी त्यानंतर चार दिवसांनी झाली."