विशीचा तक्ता

बाबांची बुद्धी मी मोजली तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि मी बावीस वर्षांची दीडशहाणी. हा शब्द त्यांचाच. मी काहीही ठासून बोलले की हातातली कानस खाली न ठेवता ते म्हणायचे, "आली आमची दीडशहाणी." आई हसायची. मला राग यायचा, पण ऐकायला आवडायचंही.

बाबा कुलुपं करायचे. दुरुस्तीवर घर चालायचं, पण जीव सगळा नवं करण्यात. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली, तिच्यात एक जड बाक आणि भिंतीभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. त्या वर्षी त्यांनी सात लिव्हरचं, म्हणजे आत सात सरकत्या पट्ट्या असलेलं, एक कुलूप करायला घेतलं होतं. परक्या किल्लीनं कुणी उघडायला गेलं की ते आतून अडकणार होतं, आणि मालकानं आपली किल्ली आधी उलटी फिरवल्याशिवाय सुटणार नव्हतं. म्हणजे आपल्या माघारी कुणीतरी हात लावून गेलंय, हे मालकाला कळणार होतं. चार लिव्हर बसले होते, तीन राहिले होते.

मी बुद्धिमापनाचा अभ्यासक्रम करत होते. सरावासाठी दहा माणसं तपासायची होती. नऊ जण वर्गातलेच पकडले आणि दहावे बाबा. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी माझ्यासमोर पाहुण्यासारखे बसले.

रंगीत ठोकळ्यांची नक्षी करायला दिली, तर आधी प्रत्येक ठोकळ्याच्या कडा बोटानं तपासत बसले. वेळ संपली. मग मी विचारलं की किल्ली आणि चाकू यांत सारखं काय. चाचणीच्या पुस्तकातलं उत्तर होतं: दोन्ही धातूची साधनं. बाबांनी बराच विचार केला.

"दोन्ही परक्याच्या हातात देऊ नयेत," ते म्हणाले.

मी शून्य लिहिलं. नियमच तसा होता.

गुणांची बेरीज झाली की ती वयाच्या तक्त्यात बघायची असते. प्रत्येक वयोगटाला वेगळं पान असतं. माझे आधीचे नऊही जण विशीतले, त्यामुळे पुस्तकाची शिवण त्याच पानावर सैल झाली होती. पुस्तक आपसूक तिथेच उघडलं आणि मी त्याच रांगेवरून बोट फिरवलं. एकोणसत्तर. शेजारच्या रकान्यात छापलं होतं, 'अत्यल्प'. मला थोडं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार नवल काही वाटलं नाही. कागद टेबलावरच टाकून मी अंघोळीला गेले.

परत आले तेव्हा कागद बाबांच्या हातात होता. शंभरपैकी का, असं त्यांनी विचारलं. मी समजावलं की तसं नसतं, शंभर म्हणजे चारचौघांसारखा माणूस. त्यांनी कागद होता तसाच ठेवला, कडा टेबलाच्या कडेला जुळवून. नुसता सराव आहे हो बाबा, असं काहीतरी मी पुटपुटले.

त्याच महिन्यात मला दूरच्या गावी नोकरी चालून आली होती आणि बाबांचा तिला ठाम विरोध होता. रोज जेवताना खडाजंगी व्हायची. त्या आठवड्यात मी विषय काढला, तर ते ताटाकडे बघत म्हणाले, "तुझं तू बघ. मला त्यातलं काय कळतं?" मी जिंकले. त्याच दिवशी बॅग काढली.

पंधरा दिवसांनी अभ्यासक्रमाच्या बाईंनी तपासलेली वही परत दिली. दहाव्या माणसाच्या आकड्याभोवती लाल वर्तुळ होतं आणि खाली शेरा: चुकीचं पान. योग्य वयोगटात, शहाण्णव. माझे दोन गुण गेले आणि त्या दोन गुणांसाठी मी रडले.

बाबांना सांगायचं सुचलं नाही असं नाही. त्याच क्षणी सुचलं. पण सांगितलं असतं तर त्यांची मान पुन्हा ताठ झाली असती आणि पुन्हा 'नाही' ऐकावं लागलं असतं. रुजू झाल्यावर सांगू म्हटलं, मग सुट्टीत सांगू म्हटलं. पुढे झाकली मूठ तशीच राहिली.

बावीस वर्षं राहिली. बाबांनी ते कुलूप बिस्किटांच्या डब्यात घालून फळीवर ठेवलं आणि किल्ल्यांची नक्कल काढणारं यंत्र आणलं. गिऱ्हाइकाची किल्ली एका बाजूला, कोरी दुसऱ्या बाजूला. त्यात डोकं लागत नाही, असं ते येईल त्याला सांगायचे. घरात काहीही ठरवायचं असलं, अगदी आईच्या दुखण्यात कोणत्या डॉक्टरांकडे जायचं हेसुद्धा, की उत्तर एकच: "तिला विचारा." मला पुन्हा कधी कुणी दीडशहाणी म्हणालं नाही.

गेल्या आठवड्यात मी नोकरी करते त्या केंद्रात चाचणीची नवी आवृत्ती आली. शिकवायला आलेले गृहस्थ फळ्यावर चढती रेघ काढत म्हणाले की प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा जास्त गुण मिळवत आलीय. शाळा वाढल्या, असल्या कोड्यांची सवय झाली, म्हणून तक्ते पुन्हा पुन्हा नवे करावे लागतात. मग गमतीनं म्हणाले, "आजच्या पोरांच्या पट्टीनं मोजलं तर आपले निम्मे आजोबा मतिमंद ठरतील. आणि ते काही तसे नव्हते!" सगळे हसले. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले ती गाडी पकडून थेट जिन्याखालच्या खोलीत गेले.

बाबा आता ऐंशीचे आहेत. त्यांनी यंत्र बंद केलं आणि मी सगळं सांगितलं: सैल शिवण, चुकीचं पान, शहाण्णव. चांगली बातमी द्यावी तशी सांगत होते, याची मला सांगतानाच लाज वाटली.

त्यांनी एकच विचारलं. "तुला कधी कळलं?"

आत्ताच, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"पंधरा दिवसांत," मी म्हणाले.

बाबांनी फळीवरचा डबा काढायला सांगितला. कुलूप काढलं, कानस घेतली आणि पाचव्या लिव्हरच्या पत्र्यावर टेकवली. कानस दोनदा घसरली, तिसऱ्यांदा त्यांनी ती खाली ठेवली. मी डोळे पुसत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"किल्ली आणि चाकू," ते म्हणाले. "मी काय सांगितलं होतं?"

"दोन्ही परक्याच्या हातात देऊ नयेत."

"गुण किती दिलेस?"

"शून्य."

त्यांनी पत्रा पुसला आणि डब्यात ठेवला.

"नुसतं परक्याच्या म्हणालो होतो ना? मग शून्य बरोबर आहे."