भरून आलेला डबा

पूर्व किनाऱ्याजवळच्या पार्सिपनीतली नोकरी गेली आणि यतीनला पार पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमाँटची मिळाली. सामान हलवायला कंपनी माणसं देणार नव्हती, तेव्हा नीलांबरीने भाड्याच्या ट्रकात संसार भरला, चार वर्षांच्या अनिकाला मधे बसवलं आणि दशम्यांचा डबा मांडीवर घेतला. डब्यावर तिचं नाव कोरलेलं होतं. अमेरिकेत आली म्हणून काय झालं, भांड्यावर नाव हवंच!

नेवाडातल्या मिठाने पांढऱ्याफटक पडलेल्या वाळवंटात यतीनने हायवे सोडला. जुन्या चाकोऱ्यांचे फोटो हवे होते त्याला. पावणेदोनशे वर्षांपूर्वी बैलगाड्यांतून पश्चिमेला निघालेली माणसं इथे तहानेने कोसळली, बैल जुवातच मेले, असं पाटीवर लिहिलं होतं.

पाटीजवळ लांब झग्यातली, डोक्याला कापडी टोपी बांधलेली एक बाई उभी होती. पर्यटकांसाठी जुना वेश करून आली असेल, असं नीलांबरीने ठरवून टाकलं. बाईची नजर मात्र अनिकावरून हलेना. जेवायची वेळ झाली होती, पण समोर कुणी उभं असताना आपण जेवायचं, हे नीलांबरीला जन्मात जमलं नसतं. तिने डबाच देऊन टाकला, वर पाण्याचा कॅन.

"सगळं पाणी दिलंस? आणि डबापण?" यतीन वैतागला.

"पाणी पुढे घेऊ. आणि डबा येईल की परत, भरून! भांडं रिकामं परत करत नसतात. कळलं का गं अनिका?"

"ओके, आई."

थोडं पुढे जाताच इंजिनातून वाफ आली आणि ट्रक बंद पडला. फोनला रेंज नव्हती. ऊन तर आग ओकत होतं. अनिका आधी रडली, मग रडायचीही थांबली आणि तिची मान कलंडली. नीलांबरी तिला हाताने वारा घालू लागली. पाणी आपल्याच हाताने देऊन बसलो, लेकीच्या तोंडचं!

कुणी येतंय का बघायला ती खाली उतरली, तर ट्रकच्या पायरीवर डबा. तिच्याच नावाचा, गार पाण्याने काठोकाठ भरलेला. आसपास चिटपाखरू नव्हतं. विचार करत बसायची ती वेळच नव्हती. अनिका घटाघटा प्यायली आणि तिने डोळे उघडले. संध्याकाळी एका पिकअपवाल्याने त्यांचा ट्रक गावापर्यंत ओढून नेला.

फ्रीमाँटला आल्यावर नीलांबरीने डबा घासून कपाटात अगदी मागे ढकलला. एका दुपारी बघते, तर अनिका तोच डबा घेऊन मागच्या काचेच्या दारापाशी बसलेली. आत तिची लाडकी बाहुली कोंबलेली.

"हे काय गं?"

"आता आपला टर्न आहे ना? तूच म्हणालीस, रिकामा नाही द्यायचा."

"कुणाला?"

"त्या आंटीला. ते वॉटर तिच्या बेबीचं होतं. पण बेबी आता पीत नाही."

"बरं, मग आपण तिला दशम्या देऊ हं," नीलांबरी कशीबशी म्हणाली.

"नो, आई. तिला बेबीशी खेळायला कुणीतरी हवंय." अनिका सँडलचा पट्टा लावू लागली.

नीलांबरीने तिला उचलून छातीशी घट्ट धरलं. दारापलीकडच्या हिरव्या लॉनवर दोन चाकोऱ्या उमटल्या होत्या, थेट पायरीपर्यंत. त्यांत पांढरं मीठ चमकत होतं.