दाखल्यावरचं नाव

अहमदपूरहून एका मुलीच्या वडिलांचा फोन आला, तेव्हा आरती पेशीविभाजनाचा तास संपवून नुकतीच वर्गाबाहेर आली होती.

"मॅडम, पोरीचा फॉर्म भरायलो होतो तुमच्या वेबसाइटवर. वर 'सुरक्षित नाही' असं यायलंय. आधार नंबर टाकू का नको?"

तिनं मोबाइलवर उघडून पाहिलं. खरंच होतं. 'आरती बायॉलॉजी, लातूर'च्या पत्त्याआधी तेच दोन शब्द. आठवडाभरात असे सात फोन आले. ट्यूशन एरियात पावलापावलाला क्लास; पालकांना शेजारचा जिना चढायला कितीसा वेळ लागतो?

रविवारी सकाळच्या एसटीनं ती नांदेडला गेली. वेबसाइट बनवून देणाऱ्या मोहसीनचं ऑफिस स्टेशनजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. त्यानं चहा मागवला.

"मॅडम, साइट बिघडली न्हाई," तो म्हणाला. "पण सध्या तुमचा फॉर्म म्हणजे पोस्टकार्ड. पालकानं लिहिलेलं तुमच्यापर्यंत येईस्तोवर मधी कुणीबी वाचू शकतंय. सर्टिफिकेट बसवलं की तेच बंद पाकिटात येतंय. मधल्याला नुसती अक्षरांची खिचडी दिसते."

"एवढंच?"

"अजून एक काम हाय त्याचं, अन् तेच मोठं. ब्राउझर विचारतो, तू खरंच आरती बायॉलॉजी हायेस, का तिच्या नावानं बसलेली दुसरीच कुणी? मग साइट हे सर्टिफिकेट, म्हंजे दाखला, पुढं करते."

आरतीनं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"दाखला देतं कोण?"

"संस्था असतात. ब्राउझरवाल्यांचा ज्यांच्यावर भरोसा, त्यांचीच सही चालते. ते एक फाइल देतात, ती आपण साइटवर ठेवून दाखवायची. साइट ज्याच्या ताब्यात, त्यालाच ते जमतं. झालं, नाव तुमचं."

"माणूस कोण आहे ते बघतच नाहीत?"

"या फुकटवाल्यात न्हाई. ठगालाबी पत्त्याआधीचं ते कुलुपाचं चिन्ह मिळतंय, मॅडम. कुलूप दिसलं म्हंजे वाट बंदिस्त हाय. आत बसलेला कोण हाय, ते कुलूप सांगत न्हाई."

मोहसीन सहज बोलून गेला आणि कामाला लागला. आरती मात्र त्या शेवटच्या वाक्यापाशीच अडली. कारण ती आरती नव्हती.

ती नीलम्मा. रामलिंग आणि कस्तुराबाईची धाकटी. भूकंपात औसा तालुक्यातलं त्यांचं गाव बसलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि आरती अकराची. आरती हुशार, शिष्यवृत्ती मिळवलेली. सगळ्या गावाला तिचं कौतुक. वडील आणि आरती ढिगाऱ्यातच गेले. आई दवाखान्यात दुसऱ्या दिवशी गेली. नीलाची वाचा नवव्या दिवशी परत आली, तेव्हा खाटेला लावलेल्या कागदावर 'आरती' लिहिलेलं होतं. चाकूरच्या हणमंतरावमामांनी सांगितलेलं नाव.

"मामा, मी नीला हाय," ती म्हणाली होती.

मामांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "आता तू आरतीच."

मेलेल्यांच्या यादीत नीलम्मा गेली. तिसरीतली पोर चाकूरच्या शाळेत पाचवीत बसली आणि मागं पडू नये म्हणून रात्रंदिवस घोकत राहिली. दहावीची गुणपत्रिका हातात आली, तेव्हा खांद्यावरून कुणीतरी वाकून ती वाचतंय असं तिला वाटलं होतं. आजही फळ्यावर लिहिताना अडखळली की मागच्या बाकावरून अकरा वर्षांची एक पोर हळूच उत्तर सांगते. वळून बघितलं तर तिथं कुणी नसतं, आणि उत्तर बरोबर असतं. चुकीची पोर वाचली म्हणून मामांनी ती बदलून घेतली, एवढंच तिला आजवर कळलं होतं. कारण विचारायचं धाडस तिला कधी झालं नाही.

"झालं बघा," मोहसीन म्हणाला. पत्त्याआधी छोटं कुलूप आलं होतं. "हे तीन महिन्यांनी संपतंय. आपोआप नवं होईल असं लावलंय, तरी अधूनमधून बघत जा."

परतीच्या एसटीत तिनं तिकीट लातूरचं काढलं होतं. चाकूरला गाडी थांबली आणि ती उतरली.

मामा ओसरीत शेंगा फोडत बसले होते. ती समोर बसली आणि पाणीही न पिता विचारलं, "मामा, आरतीच वाचायला पाहिजे होती का?"

मामांचे हात थांबले.

"तुझ्या आईला धड बोलता येत नव्हतं," ते म्हणाले. "शेवटाला एकच विचारलं. आरती? मी म्हणलो, हाय, जित्ती हाय. सकाळीच आरतीला ह्या हातांनी अग्नी देऊन आलतो, पोरी. अन् तोंडानं हाय म्हणलो. लगेच कस्तुराचा जीव गेला. मरणाऱ्याला दिलेला शब्द खोटा कसा करू? कागदावर लिहायला आले, त्यांनाबी तेच सांगितलं."

"आईनं मला विचारलंच नाही?"

"तुला कशाला विचारील?" मामा चकित होऊन म्हणाले. "तू तिच्या शेजारच्या खाटेवर होतीस की. तुझ्याकडंच बघत होती ती सारा वेळ."

ती उठून अंगणात गेली आणि पाठ करून उभी राहिली. शेंगा फुटल्याचा आवाज तेवढा पुन्हा सुरू झाला.

क्लासचे फॉर्म पुन्हा येऊ लागले. आपल्या कागदांवरचं नाव तिनं बदललं नाही. नवऱ्याला मात्र त्याच आठवड्यात सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी ती मामांना घेऊन जुन्या गावाला गेली. तिथं आता नुसत्या बाभळी. मामा काठी टेकत टेकत ओढ्याच्या काठाला आले आणि एका जागी थांबले.

"हितं," ते म्हणाले.

जागा साधीच होती. कुणीतरी तिथं तूर पेरली होती, कंबरेएवढी वाढलेली. ती आत शिरली, खाली बसली आणि आवाज फुटेल तसा बहिणीला म्हणाली, "अक्का, मी नीला."

वारा नव्हता. तरी पलीकडच्या ओळीतली तूर हलली, कुणी वाट काढत यावं तशी, आणि तिच्यापाशी येऊन थांबली. मामांनीही ते बघितलं.