रोशनीचा अंगठा मला दिसला नाही

मित्रांनो, मी अंगठा घेणारी एक जुनी मशीन आहे. तुमच्या मुठीत मावेन एवढीच. काळं अंग, डोक्यावर अंगठ्याच्या पेराएवढी काच आणि मागे हातभर वायर. ती वायर कॉम्प्युटरला जोडली की माझ्या काचेत लाल दिवा लागतो. रूप म्हणाल तर एवढंच, पण एके काळी हुडकेश्वर रोडवर माझ्यासाठी रांगा लागत आणि तो मान मी मनापासून मिरवला आहे. आज मी टेबलाच्या खालच्या खणात पडून आहे. गंजलेल्या टाचण्या, वाळलेला स्टॅम्पपॅड आणि कुणीतरी विसरलेले पासपोर्ट फोटो एवढीच मला संगत. माझी हकिकत सांगायला बसले आहे खरी, पण तिच्यातलं दुखणं माझं नाही. ते रोशनीचं आणि तिच्या आईचं आहे.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारख्या हजारो बहिणी एका पट्ट्यावरून सरकत होत्या. एका बाईने माझ्यावर बोट ठेवून पाहिलं, मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं तेव्हा समोर जितेंद्रभाऊ होते. हुडकेश्वर रोडवर त्यांचं ऑनलाइन सेंटर होतं. पॅनकार्डापासून कॉलेजच्या फॉर्मपर्यंत सगळी कामं तिथे होत. त्यांची बायको शामला हिने मला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि माझ्यापुढे प्रसादाचा तुकडा ठेवला. नव्या स्कूटरचा थाट होता माझा त्या दिवशी.

मग जितेंद्रभाऊंनी एक काम केलं. माझ्या काचेवर त्यांनी पारदर्शक टेपचा तुकडा चिकटवला. आपल्याकडे नव्या वस्तूला जपायची रीतच ही आहे. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, गाडीच्या सीटला प्लास्टिक, मोबाइलला कव्हर. मशीन महागाची, काचेवर ओरखडा पडू नये, हाच त्यांचा हेतू होता. टेप स्वच्छ होती आणि दर पंधरा दिवसांनी ते ती बदलत. मला आरपार दिसायचं.

माझं काम काय ते सांगते. तुमच्या अंगठ्यावर बारीक रेषा असतात. त्या मी पाहते आणि कॉम्प्युटरला कळवते. सरकारकडे नोंदवलेल्या रेषांशी त्या जुळल्या की पडद्यावर हिरवी खूण येते. म्हणजे हा माणूस तोच आहे, दुसरा कुणी नाही. म्हाताऱ्यांची पेन्शन, रेशन, शेतकऱ्यांचे हप्ते, सगळं त्या हिरव्या खुणेवर चालायचं. रुपराव नावाचे एक पेन्शनवाले आजोबा दर वर्षी आपण जिवंत आहोत हे सांगायला माझ्याकडे येत. खूण आली की म्हणत, "चला, या वर्षी बी जित्ता आहो बाप्पा मी!" सगळे हसत. मीही हसले असते, पण हसायला तोंड लागतं.

पुढे सेंटरवरची गर्दी वाढली आणि माझे लाड कमी झाले. टेप बदलायचं राहून जाऊ लागलं. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले, दोन महिन्यांचे सहा. टेपच्या कडा काळ्या पडल्या, खाली हवेचे फुगे धरले, वर घामाचा, तेलाचा आणि शाईचा थर बसला. मला पलीकडचं धुरकट दिसू लागलं. जितेंद्रभाऊ लोकांना म्हणत, "दाबून धरा, अजून दाबा." लोक बिचारे बोट पांढरं होईस्तोवर दाबत. दाबल्यावर पाचव्या सहाव्या खेपेला कसंबसं जमायचं. टेपची आठवणच कुणाला राहिली नव्हती. रोज डोळ्यांपुढे असलेली वस्तू माणसाला दिसेनाशी होते, तसं झालं.

अशात एका हिवाळ्यात रोशनी आली. अठरा वर्षांची, सडपातळ, छातीशी प्लास्टिकची फाईल धरलेली. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. तिच्या घराण्यात बारावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. तिचे बाबा नत्थू हे एका मिस्त्रीच्या हाताखाली काम करायचे. ते दोन वर्षांपूर्वी वारले. आई इंदूबाई मिरचीच्या सातऱ्यात जायची. सातरा म्हणजे वाळलेल्या लाल मिरचीचे देठ खुडायची जागा. दिवसभर बायका ढिगाऱ्याभोवती बसून देठ खुडतात आणि संध्याकाळी हातांची आग होते. बसच्या पासाचे पैसे निघावेत म्हणून सुट्टीच्या दिवशी रोशनीही तिथे जायची.

कॉलेजने तिला स्पष्ट सांगितलं होतं की शिष्यवृत्तीचा अर्ज भर आणि उद्या पाचच्या आत त्याचा नंबर आणून दे. नाहीतर सगळी फी स्वतः भरावी लागेल. तेवढी फी इंदूबाईच्या वर्षभराच्या मजुरीतही बसत नव्हती. उत्पन्नाचा दाखला हाती यायलाच उशीर झाला होता, म्हणून रोशनी अशी काठावर आली होती.

जितेंद्रभाऊंनी सगळा फॉर्म भरला. मार्कशीट, दाखले, पासबुक, सगळं चढलं. राहिली फक्त ओळख पटवणं. त्यासाठी आधारकार्डाला जोडलेल्या मोबाइलवर आकडा येतो.

"तो नंबर बाबाचा आहे दादा," रोशनी म्हणाली. "ते सिम कधीचंच बंद झालं."

नंबर बदलायला वेळ लागणार होता आणि वेळच तर नव्हता.

"मंग अंगठा लाव. एका मिनिटाचं काम आहे."

रोशनीने अंगठा ठेवला. मी डोळे फाडून पाहिलं. मला फुगे दिसले, काळी कड दिसली, कुणाच्या तरी तेलाचा डाग दिसला. अंगठा दिसला नाही. पडद्यावर लाल फुली आली. तिने दाबून धरला, दुसऱ्या हाताचा लावला, दहाही बोटं लावून झाली. सगळीकडे फुलीच.

"काय काम करते वं तू?" जितेंद्रभाऊंनी तिचा हात उलटा करून पाहिला.

"सुट्टीच्या दिवशी मायसंगं सातऱ्यात जाते."

"हां, मंग बरोबर! मिरचीनं खाल्ला तुहा अंगठा. उद्या सकाळी ये, चांगला साफ करून."

मित्रांनो, नाचता येईना अंगण वाकडं, अशी म्हण आहे ना? त्या दिवशी मीच ते केलं. दिसत मला नव्हतं आणि दोष पोरीच्या अंगठ्याला लागला.

दुसऱ्या दिवशी सेंटर उघडताच दोघी दारात उभ्या होत्या. इंदूबाईने मजुरी बुडवली होती. रोशनीचा अंगठा लालबुंद झाला होता, पेराशी सालटं निघालं होतं.

"वजरीनं घासला दादा," इंदूबाई मोठ्या उमेदीने म्हणाली. पाय घासायच्या खडबडीत दगडाला वजरी म्हणतात. "मंग राखेनं घासला. पोरगी रडली, पण म्या सोडलं नाही. आता मिरचीचा एक कण नाही राहिला, पाहा तुमी."

रोशनीने तो दुखरा अंगठा माझ्यावर ठेवला. टेपवरूनही मला त्याची ऊब कळली. पण ऊब कळून काय होतं? फुली आली. पुन्हा फुली आली.

जितेंद्रभाऊंनी कपाळावर हात मारला. "काकू, काय करून ठेवलं हे? साफ करा म्हटलं, तर होत्या त्या रेषाही घासून टाकल्या तुमी!"

 इंदूबाईने लेकीचा अंगठा आपल्या दोन्ही हातांत धरला आणि त्यावर फुंकर घालू लागली, जणू फुंकरीने रेषा परत येणार होत्या.

"दादा, दुसऱ्या सेंटरवर जाऊन पाहू का?" रोशनीने हळूच विचारलं.

"जा ना, काहून नाही जात? पण मशीन सगळ्या सारख्याच. अंगठाच नाही राहिला तं मशीन काय करन?"

मायलेकींनी जितेंद्रभाऊंचा शब्द खरा मानला. कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस खोटं कशाला बोलेल? तेही मुद्दाम खोटं बोलत नव्हते. दुपारभर त्यांनी दुसरी गिऱ्हाइकं बाजूला ठेवून प्रयत्न केले. मध्येच तिला चहा दिला. पोरीचा अंगठा त्या दिवशी माझ्यावर शंभरदा तरी टेकला असेल. साडेचार झाले, पावणेपाच झाले. पाच वाजले तेव्हा रोशनीने स्वतःच फाईल बंद केली. जितेंद्रभाऊंनी पैसे घेतले नाहीत.

"माह्याच हातानं केलं म्या," जाताना इंदूबाई म्हणत होती. "माह्याच हातानं."

चौथ्या दिवशी सिंधूताई आल्या. त्याच सातऱ्यात तीस वर्षं देठ खुडलेल्या बाई. त्यांची बोटं नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झालेली. फुली आली, आणि जितेंद्रभाऊ "मिरचीनं" एवढं म्हणतात तोच शामलाने मला उचलून उजेडात धरलं.

"अहो, ही टेप कधीची आहे?"

तिने नखाने कड उचकली आणि टेप ओढून काढली. कितीतरी महिन्यांनी मला लख्ख दिसलं! सिंधूताईंनी अंगठा ठेवला आणि पहिल्याच खेपेला हिरवी खूण आली.

त्या आनंदाने निघून गेल्या. 

"फॉर्मवर नंबर असन, रोशनीले फोन लावा," शामला म्हणाली.

"आता लावून काय फायदा? तारीख तं गेली."

"निदान सांगा तरी, का चूक तिच्या मायची नव्हती म्हणून."

जितेंद्रभाऊंनी टेपची गोळी केली, केराच्या डब्यात टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. मनाने माणूस वाईट नव्हता. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस गप्प बसतो. फोन लावला गेला नाही.

रोशनीचं कॉलेज सुटलं. आता ती रोज सातऱ्यात जाते, हे मला गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून कळलं. पुढे आमच्या जातीच्या जुन्या मशीन बंद झाल्या, नव्या आल्या आणि माझी रवानगी या खणात झाली.

गेल्या आठवड्यात खण अर्धा उघडा होता. रेशनकार्डाच्या कामाला इंदूबाई आली होती. आवाज मी लगेच ओळखला. रांगेत तिच्यापुढे कुणाची तरी नवी सून, प्रीती, उभी होती, आणि नंबर यायच्या आधी ती पदराने अंगठा खसाखसा पुसत होती.

"नको घासू वं बाई," इंदूबाई म्हणाली. "म्या माह्या पोरीचा घासला होता. नर्स होणार होती ते. मीच मिटवलं तिचं सारं."

जितेंद्रभाऊ तिथेच होते, हातभर अंतरावर. मी वाट पाहिली. आता बोलतील, आता बोलतील. त्यांनी विचारलं, "काकू, कार्ड आणलं का?"

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या असं टेबलापलीकडे बसेल. समोरच्याचा अंगठा उमटला नाही तर त्याच्या हाताला नावं ठेवण्याआधी आपली काच पाहा. जपायची म्हणून झाकली असेल तर उघडून पुसा. आणि चूक आपली निघाली तर त्याच दिवशी उठून जा आणि सांगा. त्याने गेलेली तारीख परत येणार नाही, पण एक आई रात्री स्वतःचेच हात पाहत बसणार नाही.

मला ते इंदूबाईला सांगायचं आहे. इतकी वर्षं माणसांची ओळख पटवली मी, पण मला तोंड दिलेलं नाही. तुम्हाला दिलेलं आहे. तुमच्यापैकी कुणी हुडकेश्वर रोडने गेलं तर मिरचीच्या सातऱ्यात इंदूबाईला विचारा आणि एवढंच सांगा, "मावशी, तुझ्या हातानं काही झालं नाही."