गादीवरची पुतणी

माघी चतुर्थीला राजूरच्या गणपतीपुढे कीर्तन करावं ते रामप्रसादबुवांनीच, असं कितीक वर्षं चालत आलेलं. यंदा गावानं नारदाची गादी आकांक्षाला दिली. ती बुवांची पुतणी आणि त्यांचीच शिष्या. फ्रान्समध्ये शिकून नुकतीच परतलेली.

बुवा आले ते खोड काढायलाच. खांबाला टेकून बसले.

"तोंड असं कारल्यावानी काऊन करून राह्यले?" बायको साळूबाई म्हणाली.

"मी बराबर हाय."

पूर्वरंगात काही सापडलं नाही. उत्तररंगात पोरीनं आख्यान लावलं ते ल्यों शहराचं, जिथं ती शिकली. रोमन लोकांनी टेकडीवर वसवलेलं जुनं गाव. पाणी दूरच्या डोंगरातून दगडी पाटानं यायचं. पुढे पाट मोडले, टेकडी कोरडी पडली. माणसं आपापले देव उचलून खाली नदीकाठी आली आणि तिथून आजचं एवढं मोठं शहर वाढलं. "पाणी तुटलं, पण देवानं माणसापासून माणूस तुटू दिला नाही," असं आळवून तिनं चिपळ्या वाजवल्या, आणि श्रोत्यांतले म्हातारे कचरूतात्या डोळे पुसू लागले. जालन्याकडच्या माणसाला पाण्याचं दुःख काय सांगावं!

नेमकं तेच बुवांना झोंबलं.

"माझ्या ध्रुवाच्या आख्यानाला कधी रडला न्हाई हा कचरू."

"ध्रुवाच्या वक्ताला तो जागा कुठं राह्यचा?"

आरती झाली. लोक रांगेनं गादीच्या पाया पडू लागले. बुवा चपला शोधायला निघाले, तशी साळूबाईनं रांगेकडे बोट दाखवलं.

"गुडघा धरलाय माझा."

"येताना तर पळत आल्ते."

"पुतणीच्या पाया पडू मी?"

"गादीवर हाय तवर ती नारद. तुम्हीच सांगत आले ना गावाला?"

स्वतःचंच निरूपण आडवं आलं. बुवा रांगेत लागले, पुढे गेले, वाकले. गुरूला अडवावं तर गादीचा मान जातो, म्हणून आकांक्षा डोळे मिटून उभी राहिली.

वाकल्या वाकल्या बुवांनी हळूच विचारलं, "ते तुझं ल्यों आपल्या तालुक्याच्या भोकरदनाहून जुनं का गं?"

"न्हाई काका. भोकरदन जुनं. सातवाहनांच्या आधीपासूनचं म्हणतात."

बुवा ताठ झाले. कपाळाला बुक्का लावून घेतला.

"मंग पुढच्या साली गादी माझी. भोकरदनाचं आख्यान लावतो. अन् त्या कचरूला एकदम पुढं बसव."