वीरसिंगची बाकावरची जर्सी

मित्रांनो, त्या रविवारी हिंमतरावांनी मला मांडीवर घेतलं आणि नेहमीसारखं एरंडेल तेल चोळायला सुरुवात केली. नंदुरबारच्या घराचा ओटा उन्हाने अर्धा भरला होता. त्यांची मुलगी रंजना खांबाला टेकून वाचत बसली होती. ती शहाद्याच्या शाळेत शिकवते आणि सुट्टीला घरी येते. आत तिची आई जमनाबाई भाकरी थापत होती.

"रंजना, धडगावनी गाडी सकायनीच सुटस ना वं?" हिंमतरावांनी विचारलं.

"हां, आबा. जानं शे का?"

"जासू. पुढला रईवारे जासू."

"मागला रईवारेबी असंच बोलनात तुम्ही."

"मास्तरीन व्हयनी म्हनीसन बापनी हजेरी लेवाले लागनी का?" ते म्हणाले आणि दोघंही हसली. आतून जमनाबाईने जेवायला हाक मारली. त्यांनी मला कोनाड्यात ठेवलं, हात पुसले आणि ते आत गेले. एवढंच घडलं त्या दिवशी. मंगळवारी सकाळी ते ओट्यावर येऊन बसले आणि बसल्या जागीच गेले.

धडगावला त्यांना कुणाकडे जायचं होतं, ते मला ठाऊक होतं. रंजनालाही ठाऊक होतं.

मी चामड्याचा फुटबॉल आहे, जुना आणि आता जरासा वाकडा. जालंधरच्या एका कारखान्यात मला कापलं, शिवलं, पोटात रबरी ब्लॅडर घातलं आणि तोंडावर वादी आवळली. तिथून आगगाडीने मी नंदुरबारला आलो. बन्सीलाल शेठची इथे जिन होती. कापसातून सरकी काढायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या, हा तिथला धंदा. पण शेठना फुटबॉलचं वेड होतं. त्यांनी गावोगावचे खेळाडू जमवले होते. त्यांची नावं कामगारांत होती, पण पगार मिळायचा खेळण्याचा. हिंमतराव धानोऱ्याच्या शेतकरी घरातले. जिनमध्ये कापूस तोलायचं काम करायचे आणि संघाचे कॅप्टन होते.

जिनमध्ये एक रीत होती. संघाच्या जर्सी बारा, आणि खेळाडूंच्या चाळीत खोल्याही बाराच. सामन्याआधी निंबाखाली ट्रंक उघडली जायची. कॅप्टन एकेकाचं नाव घेऊन त्याच्याकडे जर्सी फेकायचे. ज्याची जर्सी ट्रंकेतच राहिली त्याने समजून घ्यायचं, वळकटी बांधायची आणि खोली रिकामी करायची. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही. मात्र ज्याला खेळताना दुखापत झाली असेल त्याची जर्सी घडी करून संघाच्या बाकावर ठेवायची. घडी बाकावर आहे तोवर त्याची खोलीही त्याची आणि संघातली जागाही त्याची. मला ही रीत फार आवडायची. माणूस हाडवैद्याकडे झोपलेला असला, तरी त्याची जागा इथे बसलेली असायची.

आमचा सगळ्यात चांगला खेळाडू वीरसिंग. तो धडगावकडच्या डोंगरातला, अनवाणी खेळायचा. त्याचा पाय लागला की मला कळायचं, आता आपण नीट जाणार. बाकीचे मला लाथ मारायचे; तो मला पाठवायचा. त्याच्या फटक्यांनी माझी शिवण मात्र उसवायची. लोटन चांभार मला पाहिल्याबरोबर कपाळाला हात लावायचा. "कॅप्टन, तुमना वीरसिंगले सांगा, हाऊ चेंडू शे, दगड नही. टाका घालू घालू मन्ही सुई थकी गई!"

"सुई थकी तरी तू कोठे थकस, लोटन?" हिंमतराव म्हणायचे. मग लोटन हसत हसत मला शिवून द्यायचा. हिंमतराव स्वतः तेल लावायचे. माझी फार काळजी घेतली जायची, मित्रांनो. हे लक्षात ठेवा.

ज्या उन्हाळ्यात नवापूरच्या ढालीचे सामने होते, त्या उन्हाळ्यात आमच्या मैदानाला मोठाल्या भेगा पडल्या. आपली काळी जमीन तापली की कशी फाटते ते तुम्ही पाहिलं असेल. सरावाआधी त्या भेगांत वाळू भरायची असे. एका संध्याकाळी वाळूची गाडी आली नाही. "आज राहू द्या," कुणीतरी म्हणालं. "ढाल काय वाळूची वाट पाहणार आहे का?" असं म्हणून हिंमतरावांनी मला मैदानात फेकलं. वीरसिंग माझ्यामागे धावला. मी उसळून पुढे गेलो आणि त्याचा पाय भेगेत अडकला. गुडघा वळल्याचा आवाज मला ऐकू आला.

त्याला नवापूरजवळच्या एका हाडवैद्याकडे पाठवलं आणि त्याची जर्सी बाकावर आली. रंजना तेव्हा लहान होती. रोज वडिलांबरोबर मैदानावर यायची आणि बाकाच्या टोकाला बसून त्या घडीवर धूळ बसू द्यायची नाही. ते काम तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ढालीची फायनल जवळ आली तसे शेठ सुरतेहून एका खेळाडूला घेऊन आले.

"शेठ, जर्सी नाही," हिंमतराव म्हणाले. "तेरावी शिवावी लागेल."

"अने तेरावी खोली? ती पण तू शिवणार?" शेठनी बाकाकडे बोट दाखवलं. "ही आहे ना."

"ती वीरसिंगची. त्याची सूज उतरतेय. पुढच्या हंगामात तो..."

"पुढच्या हंगामात ही फायनल परत होणार आहे का, कॅप्टन? दुसऱ्या कुणाची काढ, तो भांडेल. हा भांडणार नाही."

 हिंमतराव बाकाजवळ गेले. रंजना सरकली, तिला वाटलं आबा बसणार आहेत. त्यांनी घडी उचलली आणि सुरतेच्या माणसाच्या हातात दिली. रंजनाकडे त्यांनी पाहिलं नाही.

वीरसिंगला कुणीच कळवलं नाही. रीतच तशी होती, तोंडाने बोलायचं नाही. पण ट्रंकेत राहिलेली जर्सी माणसाला दिसते. बाकावरून गेलेली त्याला कशी दिसणार?

फायनलच्या दिवशी तो काठी टेकत नवापूरच्या मैदानावर आला. कोरं धोतर नेसला होता. हसत हसत आमच्या बाकाशी आला. बाक रिकामा होता. त्याने खाली वाकून पाहिलं, घडी खाली पडली असेल म्हणून. मग त्याला मैदानात आपली जर्सी धावताना दिसली.

सामना अजून सुरू व्हायचा होता आणि हिंमतराव माझी वादी आवळत होते. वीरसिंग त्यांच्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "कॅप्टन, बसू का?"

हिंमतरावांनी मान वर केली नाही. आवळलेली वादी त्यांनी सोडली आणि पुन्हा आवळायला घेतली.   मग वीरसिंग काठी टेकत, आला तसा निघून गेला.

"शेठ, वीरसिंग कुठे आहे?" लोक ओरडून विचारू लागले.

"पळाला!" शेठ हात हलवून म्हणाले. "डोंगराचा माणूस. फायनल बघून पोटात गोळा आला!"

लोक खो खो हसले. हिंमतराव शेजारीच उभे होते. एक शब्द बोलले असते तर ते हसणं तिथेच थांबलं असतं. 

ढाल आम्ही जिंकली. शेवटचा गोल सुरतेच्या माणसाने केला. लोकांनी मला डोक्यावर घेऊन नाचवलं, माझ्यावर गुलाल टाकला. माझी शिवण पुन्हा उसवली होती, म्हणून घरी येताच मला लोटनकडे नेलं. टाके घातले, तेल लावलं, कपाटात मऊ फडक्यावर ठेवलं. पुढच्या हंगामात नवा चेंडू आला. मी सरकीच्या पोत्यांमागे पडलो, उंदरांनी माझी वादी खाल्ली. काही वर्षांनी शेठनी संघच मोडला. मला टाकून द्यायला निघाले तेव्हा हिंमतरावांनी मला घरी आणलं.

"पळाला" हा शब्द मात्र गावात राहिला. खेळातून कुणी अंग काढलं की पोरं म्हणायची, "हाऊ बी वीरसिंग व्हयना." रंजना ते ऐकायची. रात्री जेवताना गल्लीतून हिंमतरावांच्याही कानावर ते पडायचं. त्यांचा घास हातात राहायचा. रंजना त्यांच्या ताटात भाजी वाढायची आणि दुसरंच काही बोलायची. बापलेकीत त्या दिवसाचा विषय कधीच निघाला नाही. दर रविवारी ते मला तेल लावायचे आणि गाडीची चौकशी करायचे. बस.

मित्रांनो, माझं मागणं इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं माझं नाही. मी जेवढ्या वेळा फाटलो तेवढ्या वेळा मला शिवलं. वीरसिंग एकदाच मोडला. तुम्ही कधी संघ कराल, कॅप्टन व्हाल. चेंडूला तेल जरूर लावा. पण तुमच्याकडून खेळताना जो पडला त्याची जागा राखा. राखता आली नाही, तर निदान त्याच्या तोंडावर तसं सांगा आणि त्याच्या पाठीमागे त्याचं नाव राखा.

हिंमतराव गेल्यावर चार माणसं सांत्वनासाठी दारावर येऊन बसली होती. घोंगडी अंथरली होती. जमनाबाई आत बायकांत होती, रंजना उंबऱ्याशी. तेवढ्यात काठी टेकत एक माणूस फाटकातून आला. केस पिकलेले, एक पाय न वाकणारा. त्याने ओट्याच्या पायरीला हात लावून नमस्कार केला. "बाजारमा ऐकं," तो म्हणाला. "कॅप्टन गया." घोंगडीवर बरीच जागा होती, तरी तो खाली अंगणातच बसला.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. जिनमधला एक म्हातारा कुजबुजला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "हाऊ तोच ना? फायनलना दिन पळी गयथा तो वीरसिंग?"

एकजण तशातही हसला. वीरसिंगने मान खाली घातली. त्याला त्या शब्दाची सवय होती.

रंजना उठली. आमच्याकडे दारावरच्या पुरुषांत मुली बोलत नाहीत. ती उंबरा ओलांडून ओट्यावर आली. चेहरा रडून सुजलेला होता, पण आवाज वर्गात असतो तसा स्पष्ट होता.

"वीरसिंगकाका पळी गया नही. त्यासनी जर्सी मन्हा आबानी उचली. मी बाकवर बशेल व्हती, मी मन्हा डोयानी देखेल शे." मग ती पायऱ्या उतरली आणि अंगणात त्याच्यासमोर बसली. "आबा चुकनात, काका. त्यास्ले सांगता उनं नही, आणि आबा जित्ता व्हतात तंवर माले बी सांगता उनं नही."