एकेचाळीस इशारे

रुम्यानाने प्रश्न विचारला तेव्हा यावोरच्या तोंडात बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या खारीचा, मोठा घास होता, आणि ते बरंच झालं. तोंड भरलेल्या माणसाला उत्तरापूर्वी चार सेकंद मिळतात.

"कोलेगा," सहकाऱ्यांना ती असंच म्हणायची, "हे फंक्शन रिकामं का आहे?"

रुम्याना कंपनीत तीन महिन्यांपूर्वी आली होती. त्याआधी तिने बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं, आणि दुसऱ्याचा प्रोग्रॅम ती वही तपासल्यासारखा वाचायची. चूक सापडली की तिला आनंद होत नसे. "मला वाटलंच होतं" असा चेहरा होई. तो जास्त त्रासदायक होता.

यावोरने घास गिळला. "ते मुद्दाम रिकामं ठेवलंय."

"ते दिसतंय. वर तूच लिहून ठेवलंयस, 'डॉक्टरांच्या आग्रहावरून.' कोणत्या डॉक्टरांच्या?"

बल्गेरियातल्या रुसे शहरातली ही पाच माणसांची कंपनी. डॅन्यूबकाठच्या गावागावांतून स्त्रियांच्या छातीच्या तपासणीची एक बस फिरते. बस चित्रं काढते, ती आवळून लहान करते आणि मोबाइलच्या जाळ्यावरून शहरात पाठवते. शहरात डॉक्टर बोझिलोवा ती पडद्यावर पाहतात. या दोन टोकांच्या मधला सगळा प्रोग्रॅम यावोरचा, आणि चित्र आवळण्या-उलगडण्याचं काम एका जुन्या, नावाजलेल्या, फुकट लायब्ररीचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार प्रोग्रॅमचं. लायब्ररी स्वभावाने सरळ होती. अगदीच अशक्य काही घडलं तर ती सगळा प्रोग्रॅम जागच्या जागी बंद करून टाकायची. काम रेटता येण्यासारखं असलं तर नुसता इशारा द्यायची आणि पुढे जायची. दोन्ही सवयी दवाखान्यात चालण्यासारख्या नव्हत्या. सहा वर्षांपूर्वी यावोरने दोन्ही बदलल्या.

"बोझिलोवाबाईंच्या," तो म्हणाला. "दर दहा-बारा चित्रांमागे त्यांच्या पडद्यावर खिडकी उघडायची. 'फाइल मुदतीपूर्वी संपली.' त्या फोनवर ओरडल्या, माझ्याकडे चाळीस बायका थांबल्यात आणि तुमचा डबा मला सारखा 'ठीक आहे' दाबायला लावतो! मग मी ते दाखवणारं फंक्शनच रिकामं केलं."

"आणि चित्र?"

"चित्र येतंच ना. लायब्ररी हुशार आहे. फाइल तुटली तर तिथे ती आपल्या पदरचा शेवट जोडते आणि जे आलंय तेवढं उलगडून देते."

"जे आलंय तेवढं," रुम्याना म्हणाली. तिने खुर्ची ओढली. यावोरला उगाच फळ्याजवळ उभं केल्यासारखं वाटलं. "आपली चित्रं थरांनी येतात, बरोबर? आधी ढोबळ आकार, मग कडा, बारीक ठिपके सगळ्यात शेवटी. म्हणजे फाइल मध्येच तुटली तर डॉक्टरांना अर्धं चित्र दिसत नाही. पूर्ण दिसतं. फक्त बारीक ठिपके नसलेलं."

बसच्या चित्रात डॉक्टर दुसरं काय शोधतात? बारीक ठिपकेच शोधतात; कर्करोगाची पहिली खूण तीच.

"पण इशारे तर मोजले जातच असतील," ती म्हणाली. "तू तिचं बोलणं बंद केलंस, मोजणं नाही. चित्र उघडलं की आकडा तिच्याकडे तयार असतो. कोणी कधी विचारलाय?"

सहा वर्षांत कोणीही विचारला नव्हता. विचारायचं ज्याने, तो बानित्सा खात होता.

त्याने दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला: यंदाची बसची सगळी चित्रं एकेक करून उघड, आणि जिथे इशाऱ्यांचा आकडा शून्य नाही तेवढ्यांची यादी दे. दोनदा चुकीची कळ दाबली गेली. नऊ हजार चित्रं. बाहेर मे महिन्यातला पॉपलरच्या झाडांचा कापूस खिडकीवर येऊन बसत होता. जानेवारीची चित्रं गेली, पडदा कोरा. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, कोरा. यावोरने श्वास सोडला.

"जाळं सुधारलंय आता," तो म्हणाला. "पूर्वीसारखं राहिलं नाही."

मग एकाखाली एक ओळी उतरू लागल्या आणि एकेचाळीसवर थांबल्या. त्यापुढे मेपर्यंत एकही नाही.

"सगळ्या एकाच दिवसाच्या," रुम्याना चष्मा वर करून म्हणाली. "चौदा फेब्रुवारी. त्रिफोनचा सण. बस कुठल्या गावात होती?"

यावोरला यादी पाहायची गरज नव्हती. बस गोर्नो ब्रेस्तेच्या चौकात होती, कारण द्राक्षवेलींच्या सणाला सगळं गाव चौकात असतं आणि आयत्या गर्दीत तपासणी उरकावी असं सरपंचांना वाटलं होतं. यावोरही तिथेच होता. ते त्याच्या बायकोचं माहेर. पाद्र्याने वेली छाटल्या, मुळाशी दारू ओतली, गावाने सासऱ्यांना वेलींचा राजा केलं आणि मेंढीच्या कातड्याची टोपी घालून खांद्यावर मिरवलं. गावात मोबाइलचा मनोरा एक. त्या तासाभरात चारशे माणसांनी राजाचे व्हिडिओ काढून जगभरातल्या भाचरांना पाठवले. यावोरने स्वतः सव्वाचार मिनिटांचा पाठवला होता, सतरा जणांना. बसची चित्रं त्या रेट्यात चेंगरली.

आणि नेवेना, त्याची बायको, पाद्री आणि पिणं यांच्या मधल्या वेळात बसमध्ये जाऊन आली होती. रांग नाही म्हणून.

यादीत नावं नव्हती, जन्मतारखा होत्या. सत्ताविसावी तारीख त्याला पाठ होती. ती विसरल्याचे परिणाम त्याने एकदा भोगले होते. त्याने चित्र उघडलं. पडद्यावर एक करडा, शांत, मऊसर चंद्र आला. कुठेही ओरखडा नाही, कुठेही ठिपका नाही. खाली डॉक्टरांचा शेरा: काहीही आढळले नाही. तो शेरा आला त्या संध्याकाळी त्याने आणि नेवेनाने बाटली उघडली होती.

"तुझं कोणी?" रुम्यानाने विचारलं. हे ती शाळेतल्या आवाजात बोलली नाही.

त्याने होकारार्थी मान हलवली.

क्रुम, कंपनीचा मालक, आपल्या खोलीत फोनवर कुणाशी तरी हसत होता. दोघांचे चेहरे पाहून त्याने फोन ठेवला.

"किती?"

"एकेचाळीस, शेफे," यावोर साहेबाला म्हणाला.

"नऊ हजारांत? टक्का काढा की."

"अर्ध्याहून कमी," रुम्याना म्हणाली.

"बघा! उगाच घाबरवता राव."

"शेफे, टक्क्याला छाती नसते."

क्रुमचा चेहरा पडला, पण लगेच सावरला. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त प्रत्येक गोष्ट पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करायची सवय होती. "ऐका. बसच्या डिस्कवर मूळ चित्रं वर्षभर असतात, हो ना? बस या आठवड्यात इथेच डेपोत उभी आहे. ती मागवा, गुपचूप जुन्यांच्या जागी टाका. संग्रह शुद्ध! कोणाला हाक ना बोंब."

"आणि ती बघणार कोण?" यावोरने विचारलं. "शेरे देऊन झालेत. परत कोणी उघडणार नाही. चांगली चित्रं नुसती पडून राहतील."

"यावोरे, जरा डोकं चालव. त्या रिकाम्या फंक्शनच्या फाइलच्या माथ्यावर नाव कोणाचं आहे? माझं?" तो हळू आवाजात, जवळजवळ मायेने म्हणाला. "चौकशी लागली तर मला फार तर कंपनी बंद करावी लागेल. तुला वकील लागेल."

हे खरं होतं. यावोरला वकिलाची भीती वाटली, नाही असं नाही. पण त्या भीतीखाली करडा चंद्र होता. त्याने तिथेच, मालकाच्या टेबलावरचा फोन उचलला आणि डॉक्टर बोझिलोवांचा नंबर फिरवला. क्रुमने हात पुढे केला. रुम्यानाने त्या हाताकडे अशा नजरेने पाहिलं की तो मागे गेला.

यावोरने सगळं सांगितलं. फंक्शन, थर, त्रिफोन.

"मी खिडकी बंद करा म्हटलं होतं," बोझिलोवाबाई म्हणाल्या. "माझे डोळे बांधा म्हटलं नव्हतं."

"हो."

"हो काय! आणि मीही कधी विचारलं नाही, की ती खिडकी म्हणत काय होती. ते माझं मी बघेन. मूळ चित्रं किती वेळात?"

"तासाभरात. मी स्वतः डेपोत जातो."

"तीनला बसते मी. क्रमाने बघणार आणि एक चित्र बघून झालं की लगेच त्या बाईला फोन करणार. काही नसेल तिलाही. तिलाही कळू दे, की फेब्रुवारीत आपण तिला जे सांगितलं ते न बघताच सांगितलं."

"डॉक्टर, सत्तावीस नंबर... ती माझी बायको आहे. ते आधी बघितलंत तर..."

"क्रमाने म्हटलं ना. तिच्या आधीच्या सव्वीस जणींनाही नवरे आहेत, किंवा नाहीत. आणि मी नवऱ्यांना कळवत नाही, पेशंटला कळवते. तुम्हाला काही सांगायचं असेल तर माझ्याआधी घरी पोचा."

डेपोतून चित्रं पाठवून तो घरी पोचला तेव्हा पाच वाजले होते. नेवेना स्वयंपाकघरात मुरांब्यासाठी चेरीच्या बिया काढत होती. मनगटापर्यंत हात लाल. ती केशकर्तनाच्या दुकानात काम करते. गुरुवारी तिची सुट्टी.

"लवकर आलास? काढून टाकलं का?"

"अजून नाही. बस जरा."

"मी बसलेलीच आहे, यावोरे. तू बस."

तो बसला आणि एका दमात बोलला. मध्ये ती एकदाही थांबली नाही; बी, चेरी, बी, चेरी. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे फोटोत मी अर्धीच होते?"

"पूर्ण होतीस. फक्त बारीक काही नव्हतं."

"माझ्यात काही बारीक नाही असं म्हणणारा तू पहिलाच नाहीस." ती हसली, आणि हसू निम्म्यातच राहिलं. "हे तू सहा वर्षांपूर्वी केलंस?"

"हो."

"बाईंनी आरडाओरडा केला म्हणून?"

"हो."

"मी इतकी वर्षं आरडाओरडा करत्येय, न्हाणीघराचा नळ दुरुस्त कर म्हणून."

दोघंही ओट्यावर पडलेल्या तिच्या मोबाइलकडे न बघण्याचा प्रयत्न करत राहिले. शेजारच्या बाल्कनीत कोणीतरी सतरंजी झटकत होतं. प्रत्येक फटक्याला यावोर दचकत होता. सव्वापाच. साडेपाच. तो मनात हिशेब करत होता: एका चित्राला किती मिनिटं, एका फोनला किती. जिच्यात काही नाही तिचा फोन छोटा. मोठा फोन कोणाचा लागला असेल?

पावणेसहाला मोबाइल वाजला. नेवेनाने हात पुसले नाहीत; कोपराने चेरींची ताटली सरकवली आणि लाल बोटांनी फोन कानाला लावला.

"हो, मीच... हो, सांगितलं त्याने." मग बराच वेळ काही नाही. "डावीकडे? ... बरं. ... किती? ... बरं." तिने टेबलावरचं विजेचं बिल उलटं केलं आणि त्यावर काही लिहिलं. पेन्सिलीवर रस लागला. "नाही, एकटी नाहीये. ... तुम्हीही घ्या काळजी, डॉक्टर."

तिने फोन ठेवला. यावोर उभा होता. कधी उठला ते त्याला कळलं नव्हतं.

"एक ठिपका आहे," ती म्हणाली. "तांदळाच्या दाण्याहूनही लहान. बहुतेक काही नसेल म्हणाल्या. पण बहुतेकवर आता त्यांचा विश्वास उरलेला नाही. सोमवारी नऊला, सुईने बघणार." ती नळाखाली हात धरून उभी राहिली. लाल पाणी बराच वेळ वाहत होतं. "फेब्रुवारीत दिसला असता तर आतापर्यंत काय ते कळलं असतं."

"नेवेना..."

"तू गाडी चालवशील. आणि वाटेत बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

ती वळली. हात टिपता टिपता तिचा चेहरा हळूहळू बदलला, जणू काहीतरी दुरून चालत तिच्याकडे येत होतं.

"त्या दिवशी मी बसमध्ये एकटी नव्हते गेले," ती म्हणाली. "आई माझ्यामागे होती. मीच ओढून नेली तिला. चल गं, दोन मिनिटांचं काम आहे म्हणून."

यावोरला सत्तावीस नंबर पाठ होता. अठ्ठावीसकडे त्याने पाहिलंही नव्हतं. एकेचाळीस ओळींतली एकच ओळ वाचून तो दिवसभर घाबरत होता.

नेवेनाने गोर्नो ब्रेस्तेचा नंबर लावला आणि फोन मधोमध टेबलावर ठेवला. दोघं वाकून ऐकू लागले. लाइन व्यस्त होती. पुन्हा लावला. व्यस्त. घड्याळात सहा वाजले होते, आणि आईचा फोन छोटा नव्हता.